वाटेची शिदोरी आणि मोकळे हात

सुट्ट्या लागल्या म्हणजे काचीगुडा स्थानकावर आम्हा हैदराबादकर मराठी मंडळींची एकच झुंबड उडते. कोणी नांदेडला, कोणी परभणीला, कोणी जालन्याला निघालेला असतो. माणसे चार आणि डाग अकरा, असा प्रकार! रेल्वेने शयनयान वर्गात माणशी ४० किलो सामान विनामूल्य नेण्याची मुभा दिली आहे. म्हणजे चौघांच्या कुटुंबाला १६० किलो झाले. तरीही ते पुरत नाही. आणि त्यातले निम्मे सामान न उघडताच परत येते, हे आम्ही स्वतःच्याच अनुभवावरून सांगतो.

अशा वेळी मार्काच्या सहाव्या अध्यायातील प्रभूची आज्ञा आठवते आणि मन ओशाळते. बारा शिष्यांना दोघे दोघे असे पाठविताना त्याने काठीखेरीज वाटेसाठी काहीच घेऊ दिले नाही. भाकर नाही, झोळी नाही, कमरेला पैसा नाही, दुसरा अंगरखा नाही. हा धडा आपण शब्बाथशाळेत मुलांना शिकवितो. परंतु त्याचा अर्थ काय? वस्तू कमी बाळगणे हाच सद्गुण आहे काय?

या प्रश्नाचा विचार करावयास आमच्या शहरातच दोन चांगली उदाहरणे आहेत. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांचे चित्र १९३७ साली ‘टाइम’ या अमेरिकन साप्ताहिकाने जगातील सर्वांत श्रीमंत मनुष्य म्हणून मुखपृष्ठावर छापले. असे असून त्यांची राहणी अतिशय साधी. वर्षानुवर्षे तीच विटलेली तुर्की टोपी ते घालीत, असे सांगतात. सुमारे १८४ कॅरटचा जेकब हिरा त्यांनी कागदांवर वजन म्हणून ठेवला होता. त्यांच्या खजिन्यातील १७३ दागिने व रत्ने भारत सरकारने १९९५ साली २१८ कोटी रुपयांना विकत घेतली. वापर थोडा, साठा अमाप! त्यांनी विद्यापीठ उभारले, रुग्णालय बांधले, हे विसरणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु विटकी टोपी घातल्याने साठा हलका होत नाही, एवढे तरी यातून दिसते.

त्यांचे वडील, सहावे निजाम मीर महबूब अली खान, यांची गोष्ट याच्या उलट. पुराणी हवेलीत त्यांचे कपड्यांचे लांबच लांब दुमजली कपाट आजही पाहावयास मिळते. एकदा घातलेला पोशाख ते पुन्हा घालीत नसत, अशी आख्यायिका आहे. पण २८ सप्टेंबर १९०८ रोजी मूसी नदीला महापूर आला, हजारो माणसे बुडाली, तेव्हा याच निजामांनी आपले वाडे पूरग्रस्तांना उघडून दिले. त्या दिवशी उस्मानिया रुग्णालयाच्या आवारातील एका चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे लोक वाचले. ते झाड आम्ही पाहिले आहे. त्याच्याखाली उभे राहिले की एक साधी गोष्ट मनात येते: झाडावर चढावयास दोन्ही हात मोकळे लागतात, आणि वर चढल्यावर खालच्याला ओढून घ्यावयासही एक हात मोकळा असावा लागतो.

तेव्हा वस्तूंची मोजदाद करून माणसाची पारख होत नाही. पवित्र शास्त्रातही ती यादी एकसारखी नाही. मार्काच्या शुभवर्तमानात काठीला परवानगी आहे, मत्तयाच्या दहाव्या अध्यायात तीही नको म्हटले आहे. आणि लूकच्या बाविसाव्या अध्यायात प्रभू स्वतःच सांगतो, की आता ज्याच्याजवळ पिशवी असेल त्याने ती घ्यावी. आपला अंतकाळ जवळ आल्याचे जाणवत असता पौलाने तीमथ्याला काय लिहिले? त्रोवसात कार्पाजवळ राहिलेला माझा झगा आणि पुस्तके घेऊन ये. हिवाळा तोंडावर होता. थंडी वाजते हे सांगण्यात प्रेषिताला कमीपणा वाटला नाही.

आमच्या मते त्या आज्ञेचे मर्म येथेच आहे. आपण एवढे सामान का बांधतो? कोणाकडे काही मागण्याची पाळी येऊ नये म्हणून. कोणाचे मिंधे व्हावयास नको म्हणून. झोळी नसलेल्या शिष्याला संध्याकाळी कोणाचे तरी दार ठोठवावेच लागे. सुवार्ता देणाऱ्याने प्रथम भाकर घ्यावयास शिकावे, अशी प्रभूची योजना दिसते. देणे आपल्याला जमते, त्यात मान असतो. घेणे अवघड, कारण त्याला नम्रता लागते.

मात्र याचा दुरुपयोग होऊ शकतो. आपण हलके फिरावे आणि भार यजमानाने सोसावा, ही साधी राहणी नव्हे. आरंभीच्या मंडळीला हे कळले होते. ‘बारा प्रेषितांची शिकवण’ या प्राचीन ग्रंथात असा नियम आहे, की फिरता प्रेषित तीन दिवस राहिला किंवा त्याने पैसे मागितले, तर तो खोटा समजावा. त्याचप्रमाणे ज्याच्या घरात मुळात एकच सदरा आहे, त्याला अपरिग्रहाचे प्रवचन देणे म्हणजे त्याची थट्टा होय. ही आज्ञा प्रथम आमच्यासारख्यांसाठी आहे, ज्यांचे कपाट धड लागत नाही.

मग करावे काय? शब्बाथशाळेच्या शिक्षकांना आमची विनंती आहे, की मुलांना केवळ ‘थोडक्यात समाधान माना’ एवढेच सांगू नये. पुढच्या सहलीच्या वेळी प्रत्येकाने स्वतःला उचलता येईल तेवढेच सामान आणावे आणि एका हातात काहीच धरू नये, असा नियम करून पाहावा. तो हात धाकट्याचे बोट धरावयास, म्हाताऱ्या आजीची पिशवी घ्यावयास, किंवा कोणी भाकरी देऊ केली तर ती आनंदाने स्वीकारावयास मोकळा राहील. आणि घरी आल्यावर मुलांनी आपल्याला विचारावे, “आपल्या कपाटातले कोणाला देता येईल?” या प्रश्नाला आपण काय उत्तर देतो, ते मुले लक्षात ठेवतील. ते उत्तर देण्याचे धैर्य प्रभू आपणा सर्वांस देवो.