टकटक परवडली

आचोळे रोडवर शेअर रिक्षात मागच्या सीटवर बसलं की इंजिन पाठीशीच असतं. गाडी जुनी असेल तर धडधडीच्या आत एक बारीक, सुटी टकटक ऐकू येते. चालक तिला वैतागलेला असतो. गॅरेजवाल्याला त्याचं एकच सांगणं, ‘‘उस्ताद, तेवढा टॅपेटचा आवाज घालवा.’’

आवाज घालवणं अगदी सोपं. कव्हर काढायचं, लॉकनट सैल करायचा, स्क्रू पिळायचा. रॉकर आणि वॉल्व्ह यांच्यातली फट बुजली की इंजिन गप्प. खरं दुखणं तिथूनच सुरू होतं. एग्झॉस्ट वॉल्व्हला अंगातली उष्णता टाकायला मोठी वाट एकच, बंद असताना सीटला टेकणं. फटच उरली नाही तर तो पुरता टेकत नाही, त्याची कड जळत जाते, कॉम्प्रेशन निसटतं. मग गरम इंजिन लवकर चालू होत नाही, गर्दीत थांबलं की बंद पडतं, पुलाच्या चढावर पिकअप घेत नाही. टकटक मात्र नावाला नाही.

फट जास्त झाली तर गाडी ओरडते, कमी झाली तर मुकाट मरते. ओरडणाऱ्या गाडीची थोडी ताकद जाते, रॉकरचं टोक झिजतं. मुकाट गाडीचं हेड उतरवावं लागतं. तरी आपण पैसे मोजतो ते आवाज बंद करायलाच. घरातही सतत कुरकुरणारं माणूस एक दिवस बोलायचं थांबतं आणि आपल्याला वाटतं, चला, समजूत पटली.

वॉल्व्हचं हे मुकाट दुखणं फोक्सवॅगन बीटलच्या मालकांना पाठ असतं. २००३ मध्ये मेक्सिकोत शेवटची बीटल तयार झाली, तोवर अशा दोन कोटींहून अधिक गाड्या निघाल्या होत्या. तिचंही इंजिन रिक्षासारखंच मागे, थंडावा पंख्याच्या हवेचा. नंतरच्या मॉडेलांत फट ०.१५ मिलिमीटर, वहीची दोन पानं एकावर एक ठेवली तर साधारण तेवढी जाडी. जुन्या रचनेत ऑइल कूलर पंख्याच्या हवेच्या वाटेतच उभा होता, त्यामुळे तिसऱ्या सिलिंडरला येणारी हवा आधीच तापलेली. बाकीचे तीन ठणठणीत आणि तिसऱ्याचा एग्झॉस्ट वॉल्व्ह गुपचूप घट्ट, ही तक्रार त्यातूनच आली. १९७१ च्या मॉडेलपासून कूलर बाजूला सरकवला गेला.

आपल्याकडच्या रिक्षांत गॅसचा मामला वेगळा. गॅस कोरडा जळतो, सीट लवकर झिजते, वॉल्व्ह वर सरकतो आणि फट आपोआप कमी होत जाते. वर पावसाळ्यातला चिखल आणि गळणारं ऑइल सिलिंडरच्या फिन्समध्ये थापलं गेलं की उष्णता बाहेर पडायची बोंब. टॅपेटला हात लावण्याआधी फिन्स खरवडाव्यात, हे सांगणारा मेकॅनिक मला शहाणा वाटतो.

फट मोजायची ती थंड इंजिनावर, कॉम्प्रेशनच्या टोकाला, दोन्ही वॉल्व्ह बंद असताना. तिथेच घोडं अडतं. ‘‘रात्री गाडी इथंच राहू द्या, सकाळी बघतो,’’ असं उस्ताद म्हणाला की चालक लगेच, ‘‘आणि हप्ता कोण भरणार?’’ त्याचंही चूक नाही. पण गरम इंजिनात घाईने फटीत घातलेलं गेज, म्हणजे मापाची पातळ पट्टी, खरं सांगत नाही. ते किंचित अडखळत सरकलं पाहिजे; सटकन गेलं तर फट जास्त, अडलं तर कमी. जुन्या रॉकरचं टोक मात्र गेजलाही फसवतं. तिथे खळगा पडलेला असतो, सपाट पट्टी त्याच्या काठांवर टेकते आणि खालची जागा मोजलीच जात नाही. गेज बरोबर सांगतंय, टकटक चालूच. अशा वेळी चिडून आणखी पिळू नये, रॉकर काढून टोक बोटाने चाचपावं.

चांगला मेकॅनिक स्क्रू फिरवण्याआधी सापडलेली फट लिहून ठेवतो. नंतर लावलेली तर सगळ्याच गाड्यांची सारखी असते, तिच्यावरून काही कळत नाही. तोच वॉल्व्ह पुढच्या खेपेलाही घट्ट सापडला तर तो सीटमध्ये रुतत चाललाय किंवा त्याचा दांडा ताणला जातोय. मग दिवसाचा धंदा बुडाला तरी चालेल, पण हेड उतरवावं. दांडा तुटून वॉल्व्हचं डोकं पिस्टनवर पडलं तर नुसत्या हेडवर भागत नाही.