आद्याक्षरे आणि पिंगळा

हतनूरच्या जलाशयाकाठी हिवाळी पक्षीगणना चालू असता एक तरुण सोबती "आरडब्ल्यूएल, दोन" असे पुटपुटला आणि शेजारी जाळे आवरीत बसलेल्या मच्छीमाराने "टिटव्या का?" म्हणून विचारले, तेव्हापासून पक्ष्यांच्या इंग्रजी नावांच्या या आद्याक्षरांचा विषय माझ्या मनात घोळत आहे. थवा उडण्यापूर्वी टिपण व्हावे लागते, रकाने अरुंद असतात, हे सर्वांस ठाऊक आहे. त्याविषयी माझी तक्रार नाही. परंतु नोंद निराळी आणि हाक निराळी, आणि दफ्तरासाठी योजलेली खूण बोलण्यात शिरली की ज्याच्या शिवारात तो पक्षी वावरतो तो मनुष्यच त्या संभाषणातून बेदखल होतो, असे माझे जुने मत आहे.

सोबत्याचे म्हणणे असे की, मराठी नावे गावोगाव बदलतात, कोड मात्र सर्वत्र एकच. हा दावा टिकणारा नाही. 'आयपी' म्हणजे इंडियन पिट्टा, अर्थात आपला नवरंग, की इंडियन पीफाउल, अर्थात मोर, हे त्या दोन अक्षरांवरून ठरत नाही. 'सीके' हा कॉमन किंगफिशर म्हणजे खंड्याही होतो आणि कॉमन केस्ट्रल म्हणजे खरुचीही. शिवाय मूळ इंग्रजी नावेच पालटतात. ब्लॅक-शोल्डर्ड काइटचे ब्लॅक-विंग्ड काइट झाले आणि जुन्या वह्यांतील 'बीएसके' निराधार झाले. आपली कापशी घार मात्र कापशीच राहिली.

येथवर माझी बाजू भक्कम वाटते. पण रानपिंगळा या छोट्या घुबडाची हकीकत आठवली की ती डळमळू लागते. खान्देशात मुलकी अधिकारी असलेल्या जेम्स डेव्हिडसनने १८८४ मध्ये या पक्ष्याचे नमुने मिळवले, आणि त्यानंतर शतकभर तो कोणा अभ्यासकाच्या दृष्टीस पडला नाही. मध्यंतरी १९१४ साली गुजरातेतील मांडवी येथे मिळाल्याची चिठ्ठी लावलेला पक्षीसंग्राहक रिचर्ड माइनर्ट्झहागेनचा एक नमुना तेवढा प्रमाण मानला जाई. तो संग्रहालयातून चोरलेला जुनाच नमुना असून चिठ्ठी बनावट आहे, हे पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांच्या तपासात उघडकीस आले. ती खोटी चिठ्ठी बाजूस सारून, खऱ्या नमुन्यांच्या ठिकाणांचा माग काढीत त्या, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातील शहाद्याजवळच्या जंगलात आले, आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी, ११३ वर्षांनी, रानपिंगळा पुन्हा दिसला.

म्हणजे तो सापडला तो नोंदीमुळे. ज्या हाकेचा मी कैवार घेतला ती 'पिंगळा' ही हाक गावठाणातील वडाच्या ढोलीत राहणाऱ्या ठिपकेदार पिंगळ्यालाही लागू पडते. ज्याच्या माथ्यावर ठिपके जवळजवळ नसतात, छाती गडद तपकिरी असते आणि पाय पांढऱ्या पिसांनी झाकलेले असतात, तो रानातला पक्षी निराळा आहे, हे तीत मावत नाही. आता नुसते 'पिंगळा' लिहिलेली नोंद मला 'आयपी'इतकीच अपुरी वाटते. यावलच्या अभयारण्यात पिंगळा पाहणाऱ्याने ठिकाण आणि तारीख यांबरोबर माथ्यावर ठिपके होते की नव्हते हे लिहिलेच पाहिजे, आणि वनरक्षकाला सांगताना आद्याक्षरे न उच्चारता रानपिंगळा हे पूर्ण नाव घेतले पाहिजे; कारण पुढल्या हिवाळ्यात त्या झाडापाशी फिरून जाणारा तोच असतो.