पायांची वहिवाट

शेतात जायची वाट कुणी अडवली, तर आपल्याकडचा साधासुधा शेतकरीही गप्प बसत नाही. तहसीलला अर्ज जातो, पंचनामा होतो, म्हातारी माणसं बांधावर येऊन सांगतात, "आज्यापासूनची वहिवाट हाय ही." वाट मोकळी करून द्यायला १९०६ चा मामलेदार न्यायालयाचा कायदा आहे, बांधावरून जाण्याच्या हक्काला महसूल संहितेचं कलम १४३ आहे. पण कायद्याच्या आधी मनात एक समज पक्की आहे, की दुसऱ्याची वाट बुजवणं पाप आहे. हीच समज नांदेड जिल्ह्यातल्या आपल्या नायगावच्या बाजारपेठेत, मुख्य रस्त्यावर येताना आपण कुठे ठेवून येतो?

बाजाराच्या दिवशी एक आजी रस्त्याने चालल्या होत्या. एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात नातवाचं मनगट गच्च धरलेलं. मागून हॉर्न वाजवत आलेला मोटारसायकलवाला खेकसला, "मावशी, बाजूनं चाला की!" आजींनी मागे वळून विचारलं, "बाजू कुठं हाय बाबा?" त्यांचं खरं होतं. नालीवरच्या स्लॅबवर गाड्या स्टँडला लावलेल्या, त्यांच्यापुढे दुकानाचा फलक, फलकापुढे केळीचा गाडा. त्या गाड्यावाल्यावर माझा फारसा राग नाही, त्याचं पोट त्या चार फुटांवर आहे. ज्याची गाडी दुकानाच्या पायरीला टेकल्याशिवाय उभीच राहत नाही, त्याला मात्र विचारायला हवं.

चालण्याचं महत्त्व आपल्याला हल्ली डॉक्टर सांगतात. साखर वाढली की पहाटे फिरायला जातो, तेही मैदानापर्यंत गाडीवर. बसस्टँडवरून कचेरीपर्यंत, वस्तीतून मजूर अड्ड्यापर्यंत, घरून शाळेपर्यंत जे रोज पायी जातात, त्यांना कुणी चालण्याचे फायदे सांगावे लागत नाहीत. त्यांना फक्त वाट लागते. देशात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. म्हणजे साधारण पाचातला एक.

सायकलची गोष्ट याहून वाईट, कारण तिला आपण गरिबीची खूण करून टाकलं. लग्नाच्या बोलणीत मोटारसायकल निघते, सायकलवर येणारा पाहुणा नजरेत भरत नाही. मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. ती सायकल मिळाल्यावर कितीतरी मुलींची शाळा सुटायची वाचली. पण नांदेडहून नरसीकडे, पुढे देगलूर-हैदराबादकडे जाणाऱ्या रस्त्यावर ट्रकच्या वाऱ्याने हँडल डुगडुगणारी पोर पाहिली, की वाटतं, सरकारने सायकल दिली, आपण तिला कडेची हातभर जागाही दिली नाही.

जमत नाही असं नाही. शिखांच्या गुरू-ता-गद्दीच्या २००८ च्या सोहळ्याआधी नांदेडमध्ये काही रस्ते नव्याने आखले, तेव्हा फुटपाथ आणि सायकलची पट्टी आराखड्यातच धरली होती. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमांत फुटपाथची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर धरली आहे, म्हणजे दोन माणसं समोरासमोर आली तरी कुणाला खाली उतरावं लागू नये. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तर फुटपाथवरून निर्धास्त चालणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला.

नायगावला नगरपंचायत आहे. स्लॅब मोकळे ठेवणं, शाळेसमोर ओलांडायला पट्टे आणि गतिरोधक मागणं, हे तिच्या आणि रस्ते खात्याच्या आवाक्यातलं काम आहे. दुकानाचा फलक आत घ्यायला तर कुणाच्या ठरावाचीही गरज नाही, सकाळी शटर उघडतानाच ते होऊ शकतं. शाळेसमोरच्या पट्ट्यांसाठीचा अर्ज मात्र पायी येणाऱ्या पोरांच्या आईबापांवर सोडू नये. त्यांचा रोज बुडतो. तो अर्ज आपल्या लेकरांना गाडीवरून शाळेत सोडणाऱ्यांनी लिहावा, आणि त्याच्या मागे तहसीलला जातो तितक्याच चिकाटीने फिरावं.