समोर असणे म्हणजे काय?

व्यसनातून उठू पाहणाऱ्या माणसासमोर दुसऱ्या माणसाने सदेह बसायलाच हवे का? प्रश्न वैद्यकीय वाटतो, पण मुळात तो सान्निध्याचा आहे. अमेरिकेने त्याचे उत्तर कायद्यातच लिहून ठेवले होते. २००८च्या रायन हेट कायद्यानुसार, मोजके अपवाद सोडले तर, ओपिऑइडच्या (अफूवर्गीय पदार्थांच्या) व्यसनावरचे ब्युप्रेनॉर्फिनसारखे नियंत्रित औषध ऑनलाइन लिहून देण्याआधी डॉक्टरने रुग्णाला एकदा तरी प्रत्यक्ष तपासणे सक्तीचे होते. मार्च २०२०मध्ये महामारीमुळे ही अट शिथिल झाली आणि नुसत्या फोनवरही उपचार सुरू होऊ लागले. मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याच्या लाभार्थ्यांचा एक अभ्यास २०२२मध्ये प्रसिद्ध झाला. ओपिऑइडच्या व्यसनासाठी ज्यांना दूरस्थ सेवा मिळाली, ते उपचारात अधिक टिकले आणि त्यांच्यात अतिमात्रेचे प्रसंगही कमी आढळले. अशा अभ्यासातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे खरे. तरी देह समोर नसला की उपचाराचे नाते जुळतच नाही, हे मत आता धरून ठेवता येणार नाही.

माझ्या मते सान्निध्य बांधिलकीने ठरते. मे १९३५मध्ये ओहायोतल्या ॲक्रन शहरात, हॉटेलात एकट्या पडलेल्या, दारू सोडू पाहणाऱ्या बिल विल्सनला दारूची तलफ आली, तेव्हा त्याने चर्चच्या धर्मगुरूंना फोन लावायला सुरुवात केली. त्याला बोलायला दुसरा दारुडा हवा होता. त्या फोनांतून डॉ. बॉब स्मिथ भेटले आणि अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना उभी राहिली. यावर कोणी म्हणेल, फोनने फक्त गाठ घालून दिली, खरे काम समोरासमोर बसूनच झाले. बरोबर आहे. पण ती भेट फळली, कारण दोघांनाही एकमेकांची गरज होती. घरून काम करणाऱ्या समुपदेशकाची कसोटी इथेच लागते. त्याची नजर पडद्यावरच्या दुसऱ्या खिडकीवर गेली, तर पलीकडच्याला ती दिसत नाही. म्हणून त्याचे अवधान हेच त्याचे व्रत. ठरल्या वेळी फोन लागला पाहिजे, आणि ‘पुन्हा घेतली’ हे ऐकल्यावरही पुढची वेळ मिळाली पाहिजे.

देहाचा आक्षेप मात्र गंभीर आहे. थरथर, घाम, तोंडाचा वास पडद्यातून नीट कळत नाहीत. दारू अचानक तोडल्यावर येणारी फिट जिवावर बेतू शकते, तिथे रुग्णालयच हवे. शिवाय छळ करणारा माणूस त्याच खोलीत असेल, तर घर हा आडोसा उरत नाही. या मर्यादा मान्य करूनच दूरस्थ उपचार करायला हवेत. त्याहून मोठा धोका मला दुसरा दिसतो: फोनवर भागते म्हणून खेड्यातले केंद्र न उघडणे. संत चोखोबांना जातीमुळे पंढरपूरच्या देवळात प्रवेश नव्हता. त्यांची भक्ती बाहेरूनही पोहोचली, पण म्हणून बंद दार न्याय्य ठरले नाही. शंभर मैलांवरच्या दवाखान्यात जाऊ न शकणाऱ्याला फोनवर उपचार मिळणे हा त्याचा हक्क आहे. जवळ दवाखाना असणे हाही त्याचाच हक्क आहे. पहिला देऊन दुसरा काढून घेणाऱ्या सरकारला आणि विमा कंपनीला जाब विचारलाच पाहिजे.