गीता १७.१५ : वाणीचं तप आणि ७० पौंडांचा दंड



सतराव्या अध्यायात भगवंत तपाचे तीन प्रकार सांगतात. शरीराचं तप काल झालं, आज वाणीचं. आपलं बोलणं ऐकणाऱ्याला उद्विग्न करणारं नसावं, खरं असावं, प्रिय वाटावं आणि हिताचं असावं, अशा चार कसोट्या. शिवाय स्वाध्यायाचा सराव, म्हणजे रोज सकाळी आपण इथे जे करतो ते.

हा श्लोक मी आजवर भांडणाच्या संदर्भातच वाचत आलो. बॉसला कसं सांगायचं, रूममेटला कसं सुनवायचं, नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कधी गप्प बसायचं. पण गेले दोन महिने तो वेगळाच अडतोय. जे खरं सांगायचंय ते माझं नसून दुसऱ्याचं असेल तर? त्या माणसाचा आजार, त्याची लाज, त्याचं म्हातारपण. असं खरं मला बोलायचा अधिकार आहे का?

प्रश्न आला तो पार्किंगच्या दंडातून. हसू नका, पुढे वाचा.

तुमच्यापैकी बरेच जण पुण्या-मुंबईत आहात, म्हणून आधी इथली पद्धत सांगतो. इंग्लंडमध्ये चालताना त्रास होणाऱ्या माणसाला 'ब्लू बॅज' मिळतो. १९७० च्या कायद्यातून ही योजना निघाली, तेव्हा बॅज नारिंगी होता, २००० साली निळा झाला. २०१९ पासून इंग्लंडमध्ये बाहेरून न दिसणाऱ्या आजारांसाठीही तो मिळू शकतो. बॅज गाडीचा नसतो, माणसाचा असतो. तो माणूस ज्या गाडीत असेल, त्या गाडीला सवलत. मी मावशीची औषधं आणायला एकटा गेलो आणि बॅज लावून गाडी उभी केली, तर तो गैरवापर, आणि त्याला १००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. मला हा नियम फार योग्य वाटतो. निरोगी माणसाने बॅज लावून अडवलेली जागा म्हणजे वॉकर घेऊन चालणाऱ्या कुणाला तरी शंभर पावलं जास्त. त्यामुळे वॉर्डन कडक असतात याचा मला राग नाही.

बॅज डॅशबोर्डवर ठेवायचा, चिन्हाची बाजू वर, फोटोची बाजू खाली. जिथे वेळेची मर्यादा असते तिथे शेजारी पुठ्ठ्याचं निळं घड्याळ, आल्याची वेळ लावून. एवढं सगळं दिसलं पाहिजे.

माझी मावशी १९७२ साली नर्स म्हणून इथे आली. एनएचएसमध्ये आयुष्य गेलं, शेवटची वर्षं वॉर्ड सिस्टर होती. लग्न केलं नाही. मी नोकरीसाठी इथे आलो तेव्हा तिच्याकडेच उतरलो आणि राहिलो. आता तिचे दोन्ही खुबे गेलेत आणि तीन वर्षांपासून स्मृतिभ्रंश आहे. काही सकाळ अगदी लख्ख असतात. काही दिवशी ती मला विचारते, "अरे, माझी नाइट आहे ना आज?"

त्या दिवशी तिला पाय दाखवायला न्यायचं होतं. दवाखान्याजवळच्या राखीव जागेत गाडी लावली, बॅज ठेवला, घड्याळ लावलं, डिकीतून वॉकर काढला, तिला उतरवलं. आत गेल्यावर रिसेप्शनवरच्या मुलीने नाव विचारलं, तर मावशीने पर्स उघडली आणि मोठ्या ऐटीत ब्लू बॅज काढून तिच्यापुढे धरला. फोटोची बाजू वर. मी वॉकर काढत होतो तेवढ्यात तिने तो उलटा करून बघितला होता, आपला फोटो दिसला, आणि पर्समध्ये टाकला. मी काही म्हणायच्या आत मला म्हणाली, "आयकार्ड असं गाडीत टाकायचं नसतं, बाळा. मेट्रन ओरडते."

बाहेर आलो तर काचेवर पिवळं पाकीट. कारणाचा कोड ४०, राखीव जागेत वैध बॅज न दाखवता गाडी उभी करणे. दंड ७० पौंड, १४ दिवसांत भरला तर ३५. काउन्सिलच्या साइटवर वॉर्डनने काढलेले फोटो बघितले. डॅशबोर्डवर निळं घड्याळ एकटंच, वेळ बरोबर लावलेली. शेजारी बॅज नाही.

म्हणजे वॉर्डन चुकला नव्हता. त्याला जे दिसलं तेच त्याने लिहिलं. अशा वेळी अपील कशाच्या जोरावर करायचं?

आमच्या सत्संगातल्या एका मित्राला सांगितलं. माणूस चांगला आहे, मावशीसाठी डबा पाठवतो. तो म्हणाला, "लिही ना, दार आपटलं आणि बॅज सीटखाली पडला. शंभर जणांचं होतं असं. मावशीचं आजारपण कशाला चव्हाट्यावर आणतोस? खोटं कुणाच्या अब्रूसाठी असेल तर ते खोटं नसतं." आणि त्याने कर्णपर्वातला कौशिक सांगितला. सदैव खरं बोलायचं व्रत घेतलेला तो तपस्वी. लुटारूंपासून पळालेली माणसं रानात कुठे लपली हे त्याने लुटारूंना खरं खरं सांगितलं, ती माणसं मारली गेली आणि तो नरकात गेला. अर्जुनाला ही गोष्ट सांगणारा कृष्ण, आणि आजचा श्लोक सांगणाराही तोच.

मी दोन रात्री यावर घालवल्या. मित्राचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. पण कौशिकाच्या गोष्टीत एका बाजूला माणसांचे जीव होते. माझ्या बाजूला ३५ पौंड होते, आणि एक अवघड पत्र लिहायचा कंटाळा. मावशीच्या अब्रूचं नाव मी त्या कंटाळ्याला देत होतो का, हे तपासायला हवं होतं. शिवाय त्या गोष्टीत खोटं वाचवतं ते तिसऱ्या माणसाला. इथे जो खोटं बोलणार, पैसे त्याचेच वाचणार. हा फरक मला पुरेसा वाटला.

मग दुसरा मसुदा. त्यात खोटं काही नव्हतं. 'आम्ही आलो तेव्हा बॅज लावला होता. बॅज वैध आहे, प्रत जोडली आहे. परत आलो तेव्हा तो जागेवर नव्हता.' प्रत्येक वाक्य खरं. वाचणाऱ्याने समजायचं, पडला असेल. आम्ही सॉफ्टवेअरवाले असं बरंच लिहितो. सिस्टिम बंद का पडली याच्या रिपोर्टमध्ये प्रत्येक ओळ बरोबर असते आणि तरी वाचणाऱ्याला कारण कळत नाही. धर्मराजाने द्रोणांना अश्वत्थामा मेल्याचं सांगितलं, तेव्हाही हत्ती मेला होताच. जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ तरीही खाली टेकला. हाही मसुदा पुसला.

उरला तिसरा, सगळं सरळ सांगायचं. आणि खरी अडचण इथेच होती.

गाडी माझी, दंड माझ्या नावावर, बॅज तिचा, आजार तिचा. घरच्या माणसाची काळजी घेणाऱ्याला एक सवय लागते, आणि ती कधी लागली ते कळत नाही. खिडकीपलीकडच्या माणसाला आपण तिच्या डोक्यावरून सांगतो, "शी हॅज डिमेन्शिया." रांगेत पुढे सोडतात, आवाज मऊ होतो, काम होतं. ती शेजारी उभी असते. तिचा आजार माझ्या हातात पासासारखा असतो, दाखवला की दार उघडतं. तिच्या फाइल्स, गोळ्या, बँकेची कागदपत्रं सगळं माझ्यापाशी आहे. पण आपल्या कामातलीच गोष्ट घ्या. डेटाबेस उघडता येतो म्हणून त्यातला डेटा आपला होत नाही. पगार मिळतो तिथे आम्ही हे कटाक्षाने पाळतो.

इथल्या २००५ च्या मेंटल कपॅसिटी कायद्यात एक तत्त्व आहे. एखाद्याला निर्णय घेता येत नाही असं सिद्ध होईपर्यंत तो घेता येतो असंच धरायचं, आणि प्रत्येक निर्णयापुरतं वेगळं पाहायचं. मला हे कायद्यापेक्षा उपासनेसारखं वाटतं. समोरच्यात भगवंत आहे म्हणायचं आणि त्याला न विचारता त्याच्याबद्दल लिहायचं, हे कसं जमणार?

म्हणून एका बऱ्या सकाळी, चहा झाल्यावर, पत्र तिच्यापुढे ठेवलं. तिने चष्मा लावला आणि पेन मागितलं. पत्रात मी लिहिलं होतं की बॅजधारक 'कन्फ्यूज्ड' होत्या. तिने तो शब्द आधी खोडला.

"हा शब्द आम्ही पेशंटच्या चार्टवर लिहायचो."

"मग काय लिहू, मावशी?"

"झालं ते लिही. मला वाटलं ते माझं आयकार्ड आहे. आयकार्ड मी पर्समध्ये ठेवते. बरोबर केलं की मी."

निदान लिहू का, विचारलं. थोडा वेळ खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाली, "एकदा लिही. शेवटी लिही. सुरुवातीला लिहिलंस तर पुढचं कुणी वाचत नाही." पन्नास वर्षांपूर्वी ट्रेनी नर्सना हँडओव्हर कसा द्यायचा हे ती अशीच शिकवत असणार.

पण आजची तिची परवानगी उद्या तिला आठवणार नाही. ती परवानगी धरायची का? मी चार दिवस थांबून पुन्हा एका सकाळी पत्राची नवी प्रत दिली. पहिल्या वेळचं तिला काही आठवत नव्हतं. नव्या प्रतीत तो शब्द मी मुद्दाम परत ठेवला होता. तिने पेन घेतलं आणि तोच शब्द पुन्हा खोडला. मग मी पत्र पाठवलं. खाली माझी सही, त्याखाली तिची, नावापुढे 'एसआरएन' लावून.

काउन्सिलचं उत्तर आलं. दोन परिच्छेद, ठरावीक साच्यातले. बॅज दिसत नव्हता, दंड कायम, ३५ पौंडांची सवलत आणखी १४ दिवस.

आता खरा राग आला, आणि याच श्लोकाने मला त्या रागाकडे बघायला लावलं. ३५ भरून मोकळं होणं सोपं होतं. पुढे गेलो तर सवलत जाते, हरलो तर पूर्ण ७०. क्षमा कर, सोडून दे, असंही आपल्याकडे शिकवतात, आणि माझ्यापुरतं असतं तर मी सोडलंही असतं. पण पत्रातली महत्त्वाची वाक्यं मावशीची होती आणि ती कुणी वाचल्याची खूण उत्तरात कुठेच नव्हती. तिच्या वतीने लिहायची परवानगी मी घेतली होती. तिच्या वतीने सोडून द्यायची घेतली नव्हती.

पुढचा टप्पा असा. गाडीच्या मालकाला 'नोटीस टू ओनर' येते, त्यावर २८ दिवसांत औपचारिक हरकत घ्यायची. तीही फेटाळली तर स्वतंत्र लवादाकडे विनाशुल्क अपील करता येतं. मात्र तिथला अधिकारी कायद्यातल्या कारणांवरच दंड रद्द करू शकतो. केवळ परिस्थिती बघून त्याला तो माफ करता येत नाही. फार तर काउन्सिलने पुन्हा विचार करावा अशी शिफारस तो करतो. दंड सोडून द्यायचं स्वातंत्र्य काउन्सिलकडे असतं, कोणत्याही टप्प्यावर.

म्हणजे मी हक्क मागत नव्हतो, दया मागत होतो. इंजिनिअर माणसाला हे जड जातं. आम्हाला नियम दाखवून जिंकायला आवडतं. म्हणूनच बॅज पडल्याचं खोटंही सोपं वाटलं असावं, कारण त्यात 'माझी चूक नाही' असं ठणकावून सांगता येतं. दया मागताना आधी मान्य करावं लागतं की तुमचा वॉर्डन बरोबर होता. औपचारिक हरकतीत मी पहिलं वाक्य तेच लिहिलं. वाचणाऱ्याला उद्विग्न न करण्याची कसोटी त्या टेबलामागच्या अनोळखी माणसालाही लागू आहेच. दिवसभर लोकांची रागावलेली पत्रंच तो वाचत असणार. मग घड्याळाचा फोटो, त्यांच्याच साइटवरचा. मग मावशीची दोन वाक्यं, जशीच्या तशी. आजाराचं नाव शेवटी, एकदा.

ती म्हणाली, "सही परत करायची का?" मी म्हटलं, हो. तिने केली.

पत्र गेल्या सोमवारी गेलं. उत्तर द्यायला त्यांना ५६ दिवस असतात. त्या मुदतीत त्यांनी उत्तर दिलं नाही, तर हरकत मान्य झाली असं धरलं जातं. बॅज आता मी तिला उतरवून गाडी बंद केल्यावर, बाहेरून डोकावून बघतो. आणि तिला पर्समध्ये ठेवायला तिचा जुना हॉस्पिटलचा पास शोधून दिलाय, फोटोसकट.

उद्या सोळावा श्लोक, मनाचं तप.