विक्रेत्याने किती बोलावे?

बडोद्यात पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांच्या कानांवरून एक गुजराती म्हण लहानपणापासून जात असते : ‘बोले तेनां बोर वेचाय.’ जो बोलेल त्याची बोरे विकली जातील. घरात मात्र आपल्याला शिकवण मिळाली ती निराळी. ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ ही आपल्या माजघरातील म्हण. आपली वस्तू चांगली आहे असे आपणच सांगत सुटणे हे आपल्या आजी-आजोबांना असभ्यपणाचे वाटे. गायकवाडी राज्यात कारकुनी, शिक्षकी किंवा कामदारी करणाऱ्या घराण्यांत अशी शिकवण रुजावी हे स्वाभाविकच होते. दरमहा वेतन मिळणाऱ्या माणसाला आपले गुण बाजारात उभे राहून सांगावे लागत नाहीत.

आज ही परिस्थिती राहिलेली नाही. आपल्या घरांतील मुले मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत लहानसे वर्कशॉप काढतात. लेकी-सुना मेतकूट, गोडा मसाला, भाजणी यांची पाकिटे करून प्रदर्शनांत मांडतात. या सर्वांना बँकेच्या अधिकाऱ्यापुढे, कारखान्याच्या खरेदी विभागापुढे, वा मांडवापुढून जाणाऱ्या अनोळखी गिऱ्हाइकापुढे उभे राहून बोलावे लागते. ते शिकवणारे वर्गही आता ठिकठिकाणी निघाले आहेत. हात कोठे ठेवावेत, नजर कशी ठेवावी, आवाज कोठे चढवावा, हे सारे तेथे शिकवतात. त्या तंत्राविषयी आमचे काही म्हणणे नाही. आम्हाला विचार करावयाचा आहे तो त्यामागील नैतिक प्रश्नाचा. आपल्याच मालाविषयी, आपल्याच लाभासाठी, दुसऱ्याचे मन वळविण्याकरिता केलेले बोलणे प्रामाणिक असू शकते काय? असल्यास त्याची मर्यादा कोणती?

हा प्रश्न फार जुना आहे. ग्रीक तत्त्ववेत्ता प्लेटो याच्या ‘गॉर्जियस’ या संवादात वक्तृत्वावर कठोर टीका आहे. तेथे सॉक्रेटिस वक्तृत्वाला शास्त्र मानावयास तयार नाही. त्याच्या मते ते पाककौशल्यासारखे आहे. वैद्य आणि आचारी यांचा वाद लहान मुलांच्या पंचांपुढे चालला, तर कडू औषध देणारा वैद्य हरेल आणि गोडधोड खाऊ घालणारा आचारी जिंकेल, असा त्याचा दृष्टान्त आहे. हिताचे काय आणि केवळ रुचणारे काय यांत श्रोत्याला भेद करता आला नाही, की बोलण्यात चतुर असलेलाच बाजी मारतो. बाजारात रोज हेच घडते, हे कोण नाकारील?

प्लेटोचा शिष्य अ‍ॅरिस्टॉटल याने याच विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि वेगळी बाजू मांडली. सत्य आणि न्याय हे स्वभावतःच अधिक बलवान असतात. तरीही त्यांचा पराभव झाला, तर तो दोष ते नीट न मांडणाऱ्यांचा असतो, असे त्याचे म्हणणे. शरीराने स्वतःचे रक्षण करता न येणे लाजिरवाणे मानले जाते, मग वाणीने ते करता न येणे लाजिरवाणे का मानू नये, असेही तो विचारतो. श्रोत्याला पटण्याची तीन कारणे त्याने सांगितली : बोलणाऱ्याचे चारित्र्य, श्रोत्याची भावना आणि मांडलेला युक्तिवाद. शिकवणी वर्गांत आज जे सांगितले जाते ते बहुधा यांपैकी दुसऱ्या कारणाभोवती फिरते. पहिले कारण मात्र वर्गात शिकून येत नाही.

पहिल्या कारणाचा विचार करताना आपल्या न्यायदर्शनाकडे वळावेसे वाटते. न्यायदर्शनाने शब्द हे ज्ञानाचे एक प्रमाण मानले, परंतु शब्द कोणाचा? तर आप्ताचा. वात्स्यायनांनी भाष्यात आप्ताचे लक्षण सांगितले आहे, ते मोठे मार्मिक आहे. ज्याने वस्तू साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशीच ती दुसऱ्याला सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. त्यांनी पुढे असेही म्हटले आहे की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे. म्हणजे आप्तपण कुळावर किंवा पदवीवर अवलंबून नाही. भाजणी किती खमंग भाजावी हे जिने वीस वर्षे चुलीपाशी उभे राहून जाणले, ती भाजणीच्या बाबतीत आप्त आहे. तिने जाणले तसे सांगितले, तर तिचा शब्द प्रमाण आहे. याच दर्शनाने चर्चेचे वाद, जल्प आणि वितंडा असे तीन प्रकार केले. वाद सत्य कळावे म्हणून होतो आणि जल्प जिंकण्यासाठी होतो. विक्रेत्याचे बोलणे जल्पाकडे झुकते की वादाकडे, यावर त्याची नीती ठरते असे आम्हाला वाटते.

शासकीय सेवेत आमची काही वर्षे जिल्हा उद्योग केंद्रात गेली. पंतप्रधान रोजगार योजना १९९३ साली सुरू झाली आणि २००८ साली ती पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात विलीन झाली. त्या योजनेखाली कर्ज मागणाऱ्या तरुणांच्या मुलाखती समितीपुढे होत. त्यांतील एक प्रसंग येथे सांगण्यासारखा आहे. आय.टी.आय. झालेला एक तरुण लेथ मशीनवर पंपांचे बुश तयार करी. ‘तुमचा प्रकल्प सांगा’ म्हटल्यावर त्याच्या तोंडून शब्द फुटेना. पाठ केलेली दोन वाक्ये तो बोलला आणि थांबला. समितीतील बँकेच्या एका वयस्क अधिकाऱ्यांचे लक्ष त्याच्या हातातील कागदाच्या पुडीकडे गेले. ‘भाई, आ शुं छे?’ त्यांनी विचारले. त्याने पुडीतून गनमेटलचा एक बुश काढून टेबलावर ठेवला आणि मग दहा मिनिटे तो थांबला नाही. बाजारातला स्वस्त बुश लवकर का झिजतो, आपण धातू कोठून घेतो, आतला व्यास किती काटेकोर ठेवावा लागतो, हे सारे त्याने सांगितले. शेवटी कोणी न विचारताच म्हणाला, ‘जास्त वेगाच्या मोटारीला हा चालणार नाही साहेब, तेथे बेअरिंगच लागेल.’ या शेवटच्या वाक्याने समितीचे मत ठरले. ज्याला आपल्या मालाची मर्यादा ठाऊक आहे आणि जो ती सांगतो, त्याचे बाकीचे बोलणेही खरे असणार, असे सर्वांना वाटले.

या प्रसंगातून दोन गोष्टी निघतात. एक, त्या तरुणाजवळ वाणी नव्हती असे नाही. त्याला त्याच्या वस्तूपासून दूर उभे करून बोलावयास सांगितले होते, एवढेच. दुसरी, मालाचा दोष वा मर्यादा सांगणे ही विक्रीची हानी नसून अनेकदा तोच विश्वासाचा पाया असतो. तथापि केवळ विश्वास मिळतो म्हणून खरे बोलावे, असे म्हटले तर तीही एक युक्तीच ठरेल. खरे बोलण्याचे कारण याहून खोल असले पाहिजे.

त्याकडे वळण्यापूर्वी आपल्या मौनाचाही हिशेब घेतला पाहिजे. अ‍ॅरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरील ग्रंथात सत्यशीलता हा दोन टोकांमधला सद्गुण मानला आहे. एका टोकाला बढाई आणि दुसऱ्या टोकाला स्वतःला कमी करून सांगणे. दोन्ही सत्यापासून दूरच. आपल्या घरांत आपण पहिले टोक टाळले, पण दुसऱ्याला विनय समजून कवटाळले. आमच्या ओळखीतील एक बाई उत्तम गोडा मसाला करीत. प्रदर्शनात कोणी पाकीट हातात घेतले की म्हणत, ‘आमचं आपलं घरगुती आहे, जमेल तसं केलंय.’ मराठी गिऱ्हाइकाला त्यातला विनय कळे. इतर गिऱ्हाईक ते शब्दशः खरे मानून पाकीट खाली ठेवी. ओळखीच्यांना त्या खर्चाच्या भावात देत. तीन वर्षांनी हातातले पैसे संपले आणि उद्योग बंद पडला. त्यांच्याबरोबर मसाला कांडणाऱ्या दोघी बायकांचेही काम गेले. मसाला उत्तम असताना ‘जमेल तसा’ म्हणणे हेही असत्यच होते आणि त्याची किंमत त्या दोघींनीही मोजली. विनयाच्या पोटी नकाराची भीती आणि ‘आम्ही कशाला सांगत बसू’ हा सूक्ष्म अभिमान कितीदा लपलेला असतो, हे ज्याचे त्याने तपासावे.

आता मुख्य प्रश्न : बोलावयाचे ठरले, तर काय सांगावे आणि काय न सांगितले तरी चालेल? रोमन विचारवंत सिसेरो याने इसवी सनपूर्व ४४ मध्ये लिहिलेल्या कर्तव्यविषयक ग्रंथात एक उदाहरण चर्चिले आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडला आहे. एक सज्जन व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्याचे जहाज घेऊन तेथे पोहोचतो. मागून धान्याची आणखी जहाजे येत आहेत, हे त्याने डोळ्यांनी पाहिले आहे. ते लोकांना सांगितले तर भाव उतरेल. सांगावे की नाही? बॅबिलोनचा डायोजेनीझ म्हणतो, कायद्याने सांगणे आवश्यक आहे तेवढे दोष सांगावेत. त्यापलीकडे, फसवणूक न करता, आपला माल शक्य तितक्या चांगल्या भावाने विकण्यास हरकत नाही. न सांगणे म्हणजे लपविणे नव्हे. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, माणसाने माणसाचे हित पाहावे यासाठी आपण जन्मलो. विकणाऱ्याला जे ठाऊक आहे ते घेणाऱ्यापासून दडता कामा नये. सिसेरोने कौल अँटिपेटरच्या बाजूने दिला. प्रत्येक मौन म्हणजे लपविणे नव्हे, हे त्यालाही मान्य होते. परंतु जे जाणण्यात दुसऱ्याचे हित आहे, ते आपल्या लाभासाठी त्याला कळू नये असे वाटणे, हेच त्याच्या मते लपविणे.

आपल्या देशाच्या कायद्यातही हा तिढा दिसतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम १७ कपटासंबंधी आहे. केवळ मौन म्हणजे कपट नव्हे, असे त्याचे स्पष्टीकरण सांगते. मात्र बोलणे हे कर्तव्य असेल, किंवा मौनच बोलण्यासारखे असेल, तेथे अपवाद केला आहे. तेथील उदाहरणे वाचनीय आहेत. घोड्यात दोष आहे हे ठाऊक असून मालकाने लिलावात तो विकला आणि काहीच बोलला नाही, तर ते कपट नाही. पण घेणारी त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळे दोष सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. पुढे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडविणाऱ्या जाहिरातीलाही दिशाभूल करणारी जाहिरात मानले.

करार कायद्यातील ती मुलगी आम्हाला या सर्व विवेचनाची किल्ली वाटते. लेकीला दोष सांगणे बापाचे कर्तव्य आहे, हे कायदाही जाणतो. अनोळखी माणसापुरता तो हात आखडता घेतो, कारण कायद्याला सर्वांवर सारखे ओझे घालता येत नाही. नीतीला मात्र विचारता येते : समोरच्या गिऱ्हाइकाच्या जागी माझी लेक असती, तर मी हेच आणि एवढेच बोललो असतो काय?

यावर व्यवहारी माणूस आक्षेप घेईल. शेजारच्या दुकानात हाच माल दोन रुपयांनी स्वस्त आहे, हेही सांगावे काय? माझा नफा, माझ्या मसाल्याचे गुपित, हेही उघड करावे काय? आक्षेप योग्य आहे. मोठ्या कंपन्यांच्या जाहिरातींपुढे लहान उद्योजकाचा आवाज आधीच क्षीण असतो. त्याच्यावर संतत्वाची अट लादणे अन्यायाचे होईल. आमच्या मते मर्यादा अशी घालता येते. जे गिऱ्हाइकाला चार पावले चालून स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते, ते सांगण्याचे बंधन नाही. शेजारचा भाव त्यात येतो. जे त्याला कोणत्याही उपायाने दिसत नाही आणि दिसले असते तर त्याने माल घेतला नसता, ते सांगितले पाहिजे. समुद्रावरची जहाजे ऱ्होड्सच्या लोकांना दिसत नव्हती, बुशाची वेगमर्यादा समितीला दिसत नव्हती. नफा हा मालाचा गुण वा दोष नव्हे, तो विक्रेत्याच्या श्रमाचा हिशेब आहे. गुपिताचेही तसेच : पाकिटबंद खाद्यपदार्थांवर घटकांची यादी छापावी लागते, कृती छापावी लागत नाही. आत काय आहे हे खाणाऱ्याचे हित, कसे जमले ही करणाऱ्याची विद्या.

एवढे ठरले की बोलण्याची कला शिकण्यात लाज वाटण्याचे कारण उरत नाही. कवळाण्याच्या शेतकरी घरातून आलेले सयाजीराव महाराज १८७५ साली, वयाच्या बाराव्या वर्षी गादीवर आले आणि त्यानंतर त्यांचे पद्धतशीर शिक्षण झाले. तेच १९३२ साली कोल्हापूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून सभेपुढे उभे राहिले. वाणी शिक्षणाने येते, हे बडोदेकरांना वेगळे सांगावयास नको.

आपल्या मुलांना आणि लेकी-सुनांना आम्ही इतकेच सुचवू. बोलावयास उभे राहताना वस्तू हातात असू द्या. ती कशी केली ते सांगा, ती कोणत्या कामाची नाही तेही सांगा, आणि किंमत सांगताना मान खाली घालू नका. समोरच्याच्या भाषेत बोला. बडोद्यात गुजराती मोडकी असली तरी चालते, खोटी असली तर चालत नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचे तप सांगितले आहे. ते बोलणे उद्वेग न देणारे, खरे, प्रिय आणि हिताचे असावे, अशी तेथे अपेक्षा आहे. ती केवळ व्यासपीठावरच्या पंडितांसाठी नाही. प्रदर्शनाच्या मांडवात दिवसभर उभे राहून शंभरावे गिऱ्हाईक आले तरी पहिल्याइतकेच खरे बोलणे, हेही तपच आहे. ज्याची बोरे गोड आहेत त्याने ती गोड आहेत असे अवश्य म्हणावे, आणि एखादे किडके निघाले तर ते घेणाऱ्याच्या आधी आपणच बाजूला काढावे.