सर्पसान्निध्य आणि अहिंसाव्रत

पावसाळ्याच्या तोंडावर खेड्यापाड्यांतील वासनिक आपल्या गुरूंना एक प्रश्न हटकून विचारतात : घरात विषारी सर्प निघाला तर व्रतस्थाने काय करावे? प्रश्न विचारताना त्यांच्या हातात काठी नसते. काठी हाती येते ती पुढे केव्हातरी रात्री, घाबरलेल्या माणसांच्या गलक्यात. आणि त्या वेळी विचारावयास गुरू जवळ नसतात. म्हणून या प्रश्नाचा निर्णय सर्प निघण्यापूर्वीच झालेला बरा.

शास्त्रदृष्ट्या सर्पदेहातील जीव आणि मनुष्यदेहातील जीव यांच्या जीवपणात भेद नाही. दोघेही अनादि अविद्येने बांधलेले. भेद आहे तो देहाचा आणि त्या देहात होऊ शकणाऱ्या ज्ञानाचा. सर्पाला विष मिळाले आहे ते भक्ष्य मारण्यासाठी, आणि मनुष्य हे त्याचे भक्ष्य नव्हे. पायाखाली आला, अंगाखाली दबला, कोंडीत सापडला म्हणजे तो दंश करतो. त्याने डूख धरला, नागिणीने सूड उगवला, या कथा माणसाने आपल्या मनातील वैर सर्पाच्या माथी मारून रचल्या आहेत. ज्याला वैरच नाही त्याला ‘दुष्ट’ ठरवून ठेचणे हा न्याय होत नाही. श्रावणात त्याच्यापुढे दूध ठेवावयाचे, जे तो स्वभावतः पीत नाही, आणि भाद्रपदात तोच न्हाणीत दिसला की पहारेने मारावयाचा, हा लोकाचारही विचारी माणसाला पटणारा नाही.

इथपर्यंत कोणाचा वाद नसावा. या विषयावरील बहुतेक निरूपणे येथेच थांबतात आणि शेवटी श्रीचक्रधरस्वामींनी सशाला अभय दिल्याची लीळा सांगून श्रोत्यांना निरोप देतात. परंतु त्या लीळेचा आधार येथे जसाच्या तसा घेता येईल काय? ससा कोणाला चावत नाही. त्याला आश्रय दिल्याने शेजारच्या झोपडीतील मूल मरत नाही. मण्याराला घरात राहू दिले तर मरू शकते. ही शंका टाळून पुढे जाणे म्हणजे लीळेचा आदर करणे नव्हे.

शंका किती खरी आहे ते आकड्यांवरून कळते. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी मृत्युपाहणीच्या अभ्यासात दिला आहे. यांतील निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले, आणि चतुर्थांशाहून अधिक मृत पंधरा वर्षांखालील मुले. मरतात ती बहुधा खेड्यातील माणसे : रोवणी-निंदणी करणारी, अनवाणी चालणारी, जमिनीवर निजणारी. ‘आम्ही सर्पाला मारीत नाही’ असे सांगणारा गृहस्थ पलंगावर निजतो, आणि त्याचा सालदार गोठ्यात घोंगडीवर. व्रत एकाचे, आणि त्याची किंमत मोजणारा देह दुसऱ्याचा, असा हा व्यवहार आहे. त्याला अहिंसा म्हणावे काय?

येथे लीळेकडे पुन्हा पाहिले पाहिजे. पारध्यांच्या धाकाने पळत आलेला ससा स्वामींच्या जानूतळी शिरला आणि तेथेच त्याला अभय मिळाले. आश्रय दिला गेला तो आपल्या देहाखाली. दुसऱ्याच्या घरात नव्हे. पारधी समोर आले तेव्हा त्यांच्याशी बोलण्याचा भारही स्वामींनी स्वतःच उचलला. अभय देणाऱ्याने त्या अभयाचा भार स्वतः वाहावा, असा अर्थ या लीळेतून घेतला तर सर्पाच्या प्रश्नाला वाट सापडते. विजनात एकटा बसलेला भिक्षू शेजारून नाग गेला तरी हलत नसेल, तर तो आपलाच देह पणाला लावीत असतो, आणि तसा त्याला अधिकार आहे. आश्रमाची गोष्ट निराळी. तेथे स्वयंपाकघर आहे, विद्यार्थी आहेत, झाडलोट करणाऱ्या बाया आहेत. त्यांचे देह पणाला लावण्याचा अधिकार महंतांनाही नाही.

मग भार वाहावयाचा म्हणजे काय करावयाचे? उत्तर अगदी साधे आहे, म्हणूनच कदाचित निरूपणात येत नाही. महाराष्ट्रात माणसे मुख्यतः चार सर्पांच्या दंशाने मरतात : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. प्रत्येकाची चाल वेगळी. नाग उंदरांमागे घरात येतो, आणि उंदीर येतात ते धान्यामागे. धान्य पत्र्याच्या कोठीत झाकून ठेवले, भिंतीची बिळे लिंपली, तर नागाला घरी येण्याचे प्रयोजन उरत नाही. उंदरांना विष घालणे हा मार्ग अहिंसकाला सुचू नये. एका हिंसेच्या जागी दुसरी ठेवल्यासारखे ते होईल. विदर्भात पऱ्हाट्या आणि तुराट्या घराच्या भिंतीला टेकून रचतात, गोवऱ्याही तेथेच. त्या पंधरा-वीस पावले दूर रचल्या तर सरपण आणावयास थोडे अधिक चालावे लागते, इतकेच. घोणस बांधावर, गवतात असते आणि डिवचली म्हणजे मोठ्याने फुसकारते; तिच्यासाठी पायात जोडा आणि रात्री हातात विजेरी हवी. फुरसे लहान, दगडांखाली आणि पाचोळ्यात दडणारे. कोकणातील माणसाला ते नव्याने सांगावयास नको.

मण्याराविषयी मात्र थोडे थांबून सांगितले पाहिजे. तो रात्री हिंडतो, भक्ष्य शोधीत घरात शिरतो आणि जमिनीवर निजलेल्या माणसाच्या अंथरुणात सापडतो. कुशीवर वळताना दबला की चावतो. दंश मुंगी चावल्यासारखा. कित्येकदा झोपही मोडत नाही. सूज जवळजवळ नसते. पहाटे पोट दुखू लागते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, पुढे श्वास बंद पडतो. आणि घरचे लोक अपचन समजून ओवा देत बसतात. यावरचा प्रतिबंध म्हणजे बाज, आणि कडा अंथरुणाखाली नीट खोचलेली मच्छरदाणी. सालदाराला बाज आणि मच्छरदाणी घेऊन देणे हे अहिंसाव्रताचे अंग आहे, असे म्हटले तर कित्येकांना विचित्र वाटेल. वाटू द्यावे.

शहरांच्या कडेला वाढलेल्या नव्या वसाहतींत वेगळाच प्रकार आढळतो. मोकळ्या प्लॉटवर कचरा, कचऱ्यावर उंदीर, मागून धामण आणि नाग. मग सर्पमित्राला बोलावणे जाते आणि ‘दूर सोडून या’ असे सांगून लोक मोकळे होतात. घरात निघालेल्या सर्पासाठी जाणकाराला बोलावणे योग्यच. काठी उचलण्यापेक्षा ते शतपटीने बरे, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यालाही तेच धरून आहे. परंतु परक्या मुलखात सोडलेले सर्प भटकतात आणि पुष्कळ वेळा मरतात, असे अभ्यासकांना आढळले आहे. शिवाय ज्याला आपण ‘दूर’ म्हणतो ते कोणाचे तरी शेत असते. कचरा तसाच राहिला तर महिन्याभरात दुसरा सर्प येतो, हे वेगळेच.

एवढे करूनही दंश होईल. तेव्हा मंत्र टाकणाऱ्याकडे जाणे हे देवतांच्या आश्रयाला जाणे आहेच, शिवाय ते जीवघेणेही आहे; गेलेला वेळ परत येत नाही. चीर देणे, विष चोखणे, दोरीने आवळणे हे काही करू नये. दंश झालेला अवयव हलू न देता रुग्णाला १०८ ची गाडी बोलावून रुग्णालयात न्यावे. प्रतिविष शासकीय रुग्णालयात मिळते. ते घोड्यांना अल्प मात्रेत सर्पविष टोचून त्यांच्या रक्तापासून करतात, म्हणून कोणी सोवळा साधक कचरतो. घोड्याला पीडा होते हे खरे. ते झाकू नये. पण ही पीडा टाळावयाची असेल तर दंश टाळावा. मच्छरदाणी न देता पुढे औषधाला नाक मुरडणे अव्यवहार्य तर आहेच, निर्दयही आहे.

राहिला शेवटचा प्रसंग. मुलाच्या अंथरुणाजवळ नाग फणा काढून आहे आणि दुसरा उपाय दिसत नाही. मूल शांतपणे मागे ओढून घेता आले तर नाग आपल्या वाटेने जातो; बहुतेक वेळा हेच शक्य असते आणि हेच केले जात नाही. तरीही कोणा बापाच्या हातून काठी पडलीच, तर हिंसा घडली, आणि तिला धर्माचे नाव देऊ नये. प्रायश्चित्त त्याने अवश्य घ्यावे. मात्र ते देणाऱ्या गुरूने त्याला आणखी एक गोष्ट विचारावी : घराच्या भिंतीला टेकलेल्या पऱ्हाट्या अजून तेथेच आहेत काय?